बायोकेमिस्ट्रीच्या दमलेल्या मॅडम

आमच्या बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमइतकं दमलेलं माणूस या भूतलावर दुसरं झालं नसेल. हे मी उगाच बोलत नाही. पुढे दाताची डॉक्टर झाल्यावर मी रात्रपाळी करून थेट खुर्चीत येऊन बसणारे कामगार पाहिले, जुळ्या मुलांच्या आया पाहिल्या, मुलीचं लग्न उरकून दुसऱ्या दिवशी दाढ दाखवायला आलेले बाप पाहिले. पण त्यांच्या दमण्याला सुरुवात होती, आणि एक चांगली झोप काढली की शेवटही होता. मॅडमचं तसं नव्हतं. त्या सकाळच्या पहिल्या लेक्चरलाच दिवस मावळल्यासारख्या यायच्या. वर्गाच्या दारात क्षणभर थांबायच्या, दारापासून टेबलापर्यंतच्या अंतराकडे बघायच्या, परमुलखात निघाल्यासारखा एक सुस्कारा सोडायच्या आणि मग चालायला लागायच्या. टेबलाशी पोचल्या की खुर्ची ओढून बसायच्या, पदराने मान पुसायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "हं. झालं एक काम."

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. नवी मुंबई तेव्हा खरोखरच नवी होती. रस्ते रुंद होते आणि त्यावरून जायला कोणी नव्हतं. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आमचं डेंटल कॉलेज होतं. एका बाजूला कारखाने आणि दुसऱ्या बाजूला खाडीकडे उतरत जाणारी गवताची पड जमीन. वारा कारखान्यांकडून आला की वर्गात औषधी वास यायचा, खाडीकडून आला की चिखलाचा. मॅडम खिडकीकडे बघून म्हणायच्या, "एक अमोनिया आणि एक हायड्रोजन सल्फाइड. आज कोणता ते तुम्हीच लिहून घ्या. मी सांगत नाही." आम्ही बहुतेक जण बारावीच्या मार्कांनी मेडिकलचं दार तोंडावर लावल्यामुळे इकडे आलेले. दात उपटायचे, दात बसवायचे, एवढी आमची महत्त्वाकांक्षा. त्यात पहिल्याच वर्षी हे प्रथिनांचं, एन्झाइमांचं, यकृतातल्या उलाढालींचं लचांड गळ्यात पडलं, तेव्हा वर्ग मनातून चिडलेला होता. एका धीट मुलीने एकदा विचारलंच, "मॅडम, दात काढायला आलेल्या माणसाच्या लिव्हरमध्ये काय चाललंय, याच्याशी आपल्याला काय करायचंय?" मॅडमनी तिच्याकडे बराच वेळ अत्यंत सहानुभूतीने पाहिलं. "मलाही रोज सकाळी हेच वाटतं," त्या म्हणाल्या. "पण काय आहे, दात एकटा येत नाही गं दवाखान्यात. मागे अख्खं माणूस घेऊन येतो. नाइलाज आहे."

त्या शिकवायच्या बसून. फळ्यावर लिहायची वेळ आली तर खुर्ची फळ्यापाशी सरकवून बसल्या जागी हात जाईल तेवढंच लिहायच्या, त्यामुळे आमची सगळी बायोकेमिस्ट्री फळ्याच्या खालच्या वीतभर पट्टीत सामावलेली असे आणि मागच्या बाकांवरच्यांना ती बघायला उभं राहावं लागे. शिक्षिका बसलेली आणि विद्यार्थी उभे, असा तो भारतातला एकमेव वर्ग असावा. शरीरात अन्नापासून ऊर्जा तयार होण्याचं जे मोठं चक्र असतं, ते त्यांनी निम्मंच काढलं आणि खडू खाली ठेवला. "उरलेलं तुम्ही काढा. गोलच आहे." मग डोळे मिटून म्हणाल्या, "हे चक्र म्हणजे घरातली भांडी. घासून पालथी घातली की पुन्हा खरकटी समोर. जिथून निघालो तिथेच परत. मधल्या मधे थोडी ऊर्जा सुटते म्हणतात. मला काही ती कधी मिळाली नाही." एटीपी म्हणजे पेशीतला ऊर्जेचा साठा, हे सगळ्या पुस्तकांत सापडतं. मॅडमची व्याख्या अशी होती: "माझ्याकडे जे नाही, ते एटीपी." परीक्षेत हे कोणी लिहिलं नाही, पण आज इतक्या वर्षांनी तेवढंच लक्षात आहे.

दातावरच्या कवचाबद्दल मात्र त्या प्रेमाने बोलायच्या. हे कवच तयार करणाऱ्या पेशी आपलं काम उरकतात आणि दात हिरडीतून वर आला की कायमच्या संपतात, त्यामुळे कवच झिजलं तर शरीराला ते पुन्हा बनवता येत नाही, हे सांगताना त्यांच्या आवाजात मत्सर असायचा. "एकदाच काम. पण काय काम! हाडापेक्षा कठीण. आणि मग सुटी. पेन्शनसुद्धा नको म्हणाल्या त्या पेशी." असं म्हणून त्या इतक्या गप्प झाल्या की पहिल्या बाकावरच्या मुलीने त्यांना झोप लागली की काय म्हणून वही आपटून पाहिली.

लाळेच्या तासाला मॅडम डब्यातून चिंच घेऊन आल्या. लाळ गोळा करायची होती आणि वर्गातल्या कुणाच्या तोंडाला संकोचामुळे लाळ सुटेना. मॅडमनी चिंचेचं बुटुक काढलं, मीठ लावलं आणि वर्गाकडे बघत, डोळे मिचकावत, चवीचवीने ते चोखलं. वर्षभरात त्यांनी उत्साहाने केलेलं मला आठवतं ते काम हेच. अख्ख्या वर्गाच्या तोंडांना पूर आला, टेस्ट ट्यूब भरल्या, आणि त्या लाळेने भाताच्या पेजेतल्या स्टार्चची साखर कशी होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. "बघितलंत?" मॅडम चिंचोका टिपकागदात गुंडाळत म्हणाल्या. "बसल्या जागी सगळं होतं. माणसं उगाच पळापळ करतात."

एवढ्या थकव्यामागे काहीतरी मोठं दुःख असणार याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. सानपाड्याला त्या राहतात, घरी सासू आहे, एवढं कळलं होतं. बाकीचं आम्ही तयार केलं. कोणी म्हणालं, नवरा पितो. कोणी म्हणालं, सासू अंथरुणावर आहे आणि छळते. एका मुलीने तर पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, दहा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या मॅडमचं असं वर्णन केलं की आम्हा दोघीतिघींचे डोळे पाणावले. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेक्चरला बोलायचं बंद केलं. तेवढाच त्यांना आराम.

आमच्या वर्गात दिलीप नावाचा मुलगा होता. मूळचा साताऱ्याकडचा; वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार. त्या घरातला शिकून डॉक्टर होणारा हा पहिलाच, त्यामुळे वर्गात सगळ्यांत जास्त घासायचा तो. पण दिवाळीनंतर त्याला काय झालं कोण जाणे, मागच्या बाकावर जाऊन बसायला लागला आणि बसला की पेंगायचा. बाटलीभर पाणी एका दमात प्यायचा. तासाच्या मधेच उठून बाहेर जायचा, आला की पुन्हा पाणी. कपडे अंगावर लोंबायला लागले होते. आम्ही म्हणायचो, अभ्यासाने वाळला. बाकीचे शिक्षक त्याला उठवून उभं करत. मॅडम करत नसत. उलट त्याच्याकडे एका वेगळ्याच मायेने पाहायच्या. त्यांच्या जातीचा एक जीव त्यांना अखेर भेटला होता. "राहू दे त्याला," त्या म्हणायच्या. "सगळ्यांनी जागं राहिलंच पाहिजे असं काही नाही."

मग लघवीतली साखर तपासण्याचं प्रॅक्टिकल आलं. यात एक निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे काही थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत विटकरी लाल झालं तर साखर भरपूर. लॅब सांभाळायला तळवलीचे पाटीलकाका होते. रोग्याचा नमुना ते ग्लुकोजची पावडर कालवून स्वतः बनवायचे, आणि निरोगी नमुना वर्गातलंच कोणीतरी द्यायचं. त्या दिवशी काका बाटली घेऊन आले आणि सरळ दिलीपपुढे धरली. "तूच दे रं. तू त सारखाच जातस." सगळे हसले. दिलीपही हसला, आणि घेऊन गेला बाटली.

थोड्या वेळाने लॅबमध्ये एकच कालवा झाला. सगळ्यांचे निरोगी नमुने विटकरी लाल. काकांनी बाटल्या बदलल्या म्हणून जो तो त्यांच्यावर तुटून पडला. काका बिचारे कान धरून सांगत होते, "आईशपत मॅडम, या बाटलीत मी कायपन टाकलेला नाय!"

मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. त्यांनी हात लांब करून माझ्या हातातली टेस्ट ट्यूब घेतली, उजेडाकडे धरली. "ही बाटली कुणाची?" दिलीपचं नाव कोणीतरी सांगितलं. तो खिडकीपाशी स्टुलावर बसला होता, डोकं भिंतीला टेकून. मॅडम उठल्या. आधार न घेता, सुस्कारा न सोडता. त्याच्यापुढे वाकल्या, त्याच्या तोंडाजवळ चेहरा नेला आणि तसंच क्षणभर थांबल्या. पुढे आम्ही शिकलो की शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळायला लागतं, आणि मग श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. मॅडमनी सरळ होऊन काकांना दुसरी एक पावडर आणायला सांगितली, त्याच बाटलीतल्या लघवीत स्वतःच्या हाताने चरबी जळण्याची चाचणी लावली, आणि नळीत गडद जांभळा रंग चढताना आम्ही सगळे पाहत राहिलो. कोणी हसत नव्हतं.

शेजारच्या विभागाचे एक सर गलका ऐकून आले होते. ते म्हणाले, "मॅडम, घरी पाठवून द्या. उद्या दाखवेल डॉक्टरला. जागरणाने दमला असेल."

"दमलेलं माणूस मला कळतं, सर," मॅडम म्हणाल्या. "हा दमलेला नाही."

आणि मग जे झालं ते वर्गातलं प्रत्येक जण पुढची कित्येक वर्षं सांगत होतं, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. मॅडम धावल्या. कॉलेजची गाडी बाहेर गेलेली, रिक्षा त्या रस्त्याला औषधालाही मिळायची नाही. दिलीपला मी आणि काकांनी दोन्हीकडून धरून आणलं तोवर मॅडम फाटकाबाहेर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, एका पायात चप्पल, हात वर. लोखंडी सळयांनी भरलेला एक ट्रक करकचून त्यांच्यापुढे थांबला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"ओ मॅडम! मरायचंय काय?"

"वाशीला घ्या. हॉस्पिटलमध्ये."

"आपण कळंबोलीला चाललोय ओ. माल उतरायचाय."

"आधी वाशी," मॅडम म्हणाल्या, "मग कळंबोली."

ड्रायव्हरने दिलीपकडे पाहिलं आणि पलीकडचं दार उघडलं. "चढा. टेन्शन नाय घ्यायचं."

मीही मागोमाग चढले. केबिनमध्ये मॅडमनी दिलीपचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाशी येईपर्यंत त्याला एक क्षण झोपू दिलं नाही. चिमटे काढत, गालावर चापट्या मारत त्या त्याला प्रश्न विचारत होत्या. "इन्सुलिन कुठे तयार होतं? सांग. झोपायचं नाही. कुठे तयार होतं?" तो काहीतरी पुटपुटायचा. "मोठ्याने बोल! पॅनक्रियासमध्ये. आणि पेशीत साखर कोण घेऊन जातं?" ट्रक ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तुर्भ्याच्या आसपास दिलीपने उत्तरं द्यायचं थांबवलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तशी भीती मी पुन्हा कधी पाहिली नाही. "मी झोपू दिलं गं त्याला वर्गात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्यासारखाच आहे."

हॉस्पिटलमध्ये त्याला थेट आत नेलं. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सलाइन, इन्सुलिन, नळ्या. मॅडम बाहेरच्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. बाकडी रिकामी होती. मी दोनदा म्हटलं, बसा ना. त्यांना ऐकूच गेलं नाही. निरोप मिळताच दिलीपचे वडील मार्केटमधून तसेच आले, डोक्याला फडकं, खांद्यावर पोत्याची धूळ. त्यांनी मॅडमसमोर हात जोडले. "बाई, पोरगं ऱ्हाईल न्हवं?"

"राहील," मॅडम म्हणाल्या. "शुद्धीवर येतोय. पण दादा, आता त्याला रोज सुई घ्यावी लागेल. जन्मभर."

वडिलांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "सुई व्हय? सुईचं काय येवढं. आमी रोज सुईनं पोती शिवतो की." आणि मग ते भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, धुळीसकट.

दिलीप महिनाभराने कॉलेजात परत आला. वर्गात आता तो जागा असायचा आणि मॅडम पूर्वीसारख्याच दमलेल्या असायच्या. जणू त्या दिवशीची धावपळ त्यांच्या खात्यावर कोणी मांडलीच नव्हती. परीक्षा झाली, आम्ही पास झालो, तेव्हा दिलीप आणि मी ठरवून त्यांच्या सानपाड्याच्या घरी गेलो. मनात म्हटलं, त्या दुःखी घराला काही मदत करता आली तर पाहू. दार उघडलं ते सासूबाईंनी. सत्तरी ओलांडलेली, कासोटा घातलेली, ताठ बाई. "या रं पोरांनो," म्हणून त्यांनी आम्हाला आत ओढलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत कांदेपोहे टाकले, मधेच गॅलरीत जाऊन वाळवण परतलं, नातीची वेणी घातली, खाली कोणाला तरी हाक मारून भाजीवाल्याशी भाव केला. मॅडमचे यजमान आतून गाणं गुणगुणत आले आणि आम्हाला पाणी देऊन पुन्हा इस्त्री करायला गेले. घर लख्ख होतं. सगळे ठणठणीत होते. आणि या सगळ्याच्या मधोमध दिवाणावर, उशीला टेकून, मॅडम होत्या.

माझ्या तोंडाकडे बघून सासूबाई हसल्या. "तुमाला बी वाटलं न्हवं, बाईला काय तरी दुकतंय? काय बी न्हाई. सगळे तपास झाले, रगात-बिगात. तशीच हाय ती. लग्नात भटजी मंत्र म्हनत हुते अन् ही माज्याच खांद्यावर पेंगली हुती. तवाच वळाकलं म्या, हिच्याच्यानं काय व्हायचं न्हाई. तवापास्नं म्याच बगतीया."

"आई, जरा हळू करा ना," मॅडम दिवाणावरून म्हणाल्या. "तुम्हाला बघूनच दमायला होतं." मग आमच्याकडे वळून कीव यावी अशा सुरात पुटपुटल्या, "भांडीसुद्धा घासू देत नाहीत मला. काय करू?" आणि तिघंही, म्हणजे सासू, नवरा आणि मॅडम, या जुन्या विनोदाला एकदमच हसले. जिना उतरताना दिलीप म्हणाला, "आपण उगाच रडत होतो की गं."

पुढे आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. दिलीपने साताऱ्यात दवाखाना थाटला, सुई खिशात ठेवून तो दिवसभर उभा राहून काम करतो. मी सानपाड्यातच एका सोसायटीच्या तळमजल्यावर क्लिनिक टाकलं. दशक संपत आलं होतं. एका दुपारी दार उघडून एक बाई भरभर आत आल्या, पर्स खुर्चीवर टाकली आणि म्हणाल्या, "डावीकडची खालची. किती वेळ लागेल गं?" मी पाहतच राहिले. मॅडम होत्या. केस पिकले होते, वजन उतरलं होतं, आणि चालण्यात एक सटासट आवाज होता.

दाढेचं सिमेंट सुकेपर्यंत कळलं ते असं. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, गॅलरीत मिरच्या वाळत घालताना. यजमानांची बदली नागपूरला झाली, ते महिन्याने येतात. मुलगी दहावीला. कॉलेज चालूच आहे. तिथे आता एका मॅडमची जागा रिकामी म्हणून त्यांचेही तास यांच्याकडे. पहाटे पाणी येतं ते भरायचं, डबे, क्लास, बाजार. त्या हे सगळं कुणाबद्दलही तक्रार न करता, घड्याळाकडे बघत सांगत होत्या.

"आणि मॅडम," मी भीतभीत विचारलं, "दमत नाही का हल्ली?"

त्यांना प्रश्नाचं जरा नवल वाटलं. त्यावर त्यांनी विचार केला नव्हता असं दिसलं. "नाही गं," त्या म्हणाल्या. "दमायचं तर घरात दुसरं कोणीतरी न दमणारं लागतं." एवढं बोलून त्यांनी चूळ भरली, उठल्या, मी आणखी काही म्हणायच्या आत पर्स उचलली आणि गेल्या. मी दारात येऊन पाहिलं. उन्हातून त्या स्टेशनच्या बाजूला, भाजीच्या गाड्यांकडे चालल्या होत्या, पिशवी हाताला गुंडाळत.

त्या आठवड्यात दिलीपचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी सांगितलं, मॅडम येऊन गेल्या.

"काय म्हणतेस!" तो आधीच हसला, काहीतरी मजेशीर ऐकायला मिळणार या खात्रीने. "मग? खुर्चीत झोपल्या का?"

"नाही रे," मी म्हटलं. "घाईत होत्या."

तिकडे त्याने कोणाला तरी थांबायला सांगितलेलं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "सासूबाई गेल्या का गं?"